पुढं ठेवलं का?

मित्रांनो, मी एक जुनी कॅरव्हॅन आहे. म्हणजे चाकांवरचं घर. मला इंजिन नाही. पुढची गाडी ओढेल तिकडे मी जाते. मी छत्तीस फूट लांब आहे आणि स्वभावाने संशयी आहे. लांबी तुम्हाला बघताच कळेल. स्वभावाचं मात्र आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या कहाणीत मी एका भल्या माणसावर नको तो आळ घेणार आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या भिंतींत जाड अस्तर भरलं, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, हिवाळ्यात कुणी गारठू नये म्हणून एक हीटर लावला. आणि मग मला जहाजावर चढवून अबू धाबीला पाठवून दिलं. इथे उन्हाळ्यात माझ्या पत्र्यावर तळहात टेकवला तर फोड येतो. माणसं विचार करून वागतात यावरचा माझा विश्वास तिथेच पहिल्यांदा डळमळला.

माझा पहिला मालक एक परदेशी इंजिनिअर होता. दोन हिवाळे त्याने मला समुद्रकिनारी फिरवलं, माझे फोटो काढले, मित्रांना कौतुकाने दाखवलं. मग त्याची नोकरी संपली. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका यार्डात मला उभं करून तो म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो. सहा वर्षं झाली तरी तो पुढचा महिना उजाडला नाही. माझ्या टायरांना भेगा पडल्या. पहाटे पहाटे टोपी घातलेला एक माणूस रिकामी गोणी घेऊन यायचा आणि भरलेली घेऊन जायचा. आधी बॅटरी गेली, मग शेगडी, मग नळसुद्धा. तेव्हापासून पहाटे गोणी घेऊन येणारा माणूस दिसला की मी आधी माझ्या वस्तू मोजते.

चार वर्षांपूर्वी विल्फ्रेड आणि इसाबेल मला बघायला आले, तेव्हा मी त्यांच्याकडेही संशयानेच पाहिलं. ही वसईकडची जोडी. अबू धाबीतल्याच मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी. इसाबेल एका शाळेत नर्स होती. विल्फ्रेड एका मालवाहतूक कंपनीत होता. जहाजावर कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, जड खाली की हलका वर, याची आखणी करणं हे त्याचं काम. मित्रांनो, हे त्याचं काम नीट लक्षात ठेवा. त्यांची मुलगी ऑड्री तेव्हा आठ वर्षांची होती. ती माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली आणि म्हणाली, "डॅडी, इट हॅज अ कॉरिडॉर!" त्यांच्या घरात तेवढीही मोकळी जागा नव्हती, हे मला नंतर कळलं.

यार्डातल्या हनीफ मिस्त्रीने मला नवे टायर आणि नवे नळ बसवले. इसाबेलने पडदे शिवले आणि दाराच्या वर एक लाकडी क्रूस टांगला. चर्चमधून फादर येऊन माझ्यावर पवित्र पाणी शिंपडून गेले. मला वाटलं, हेही आरंभशूरच असणार. पण ऑक्टोबर ते एप्रिल, दर शुक्रवारी दुपारी विल्फ्रेडचं ऑफिस सुटलं की त्याची पिकअप यार्डात हजर. कधी रास अल खैमाचं वाळवंट, कधी हत्ताच्या डोंगरांचा पायथा, कधी उम्म अल क्वैनचा किनारा. शनिवार-रविवार तिथे काढायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचं. एवढ्या लांब गाडीला मागे घ्यायचं म्हणजे दोन माणसांचं काम. विल्फ्रेड स्टिअरिंगवर बसे आणि इसाबेल मागे उभी राहून हाताने खुणा करी. पहिल्या वर्षी त्यांची त्यावरून कडाक्याची भांडणं होत. दुसऱ्या वर्षी नुसता हात वर झाला तरी त्याला कळू लागलं. मी मात्र तरीही दर मे महिन्यात माझ्यावर ताडपत्री चढली की मनात म्हणायची, हे आता येणार नाहीत. दर ऑक्टोबरात ते यायचे, आणि मी थोडी खजील व्हायची.

गेल्या ऑक्टोबरात मात्र त्यांच्याबरोबर एक नवा माणूस आला. विल्फ्रेडचे वडील, क्रिस्टोफर पप्पा. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, हाताची बोटं जाड आणि नखांत कायमची बसलेली काळी रेघ. वसईला त्यांची वाडी होती. केळी, दुधी, वाल, पानवेल, सगळं त्यांच्या हातचं. पत्नी गेल्यावर एकटे पडले म्हणून विल्फ्रेडने त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. मागच्या खोलीत दोन मजली पलंग होता. वर ऑड्री आणि खाली पप्पा, अशी झोपायची वाटणी झाली. पलंगाखाली सामानाची मोठी पेटी होती. तिचं झाकण बाहेरच्या बाजूने उघडायचं.

पप्पांनी पहिल्याच आठवड्यात विल्फ्रेडला सांगितलं की व्हिलाच्या मागे भिंतीलगत जी पट्टी रिकामी पडली आहे, तिथे थोडी माती आणून दुधी लावू. विल्फ्रेड फोनवर काहीतरी बघत होता. तो म्हणाला की घरमालक खेकसेल, शिवाय इथे कुंडीसाठी पिशवीतली माती दुकानात मिळते, आणि भाजी तर सगळीच मिळते. मग वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाला, "पप्पा, तुम्ही आयुष्यभर राबलात. आता फक्त आराम करा." पप्पांनी मान डोलावली. हे बोलणं माझ्या दाराशीच झालं, म्हणून मला माहीत आहे.

त्यानंतरच्या शनिवारी, पहाटे फटफटलं तेव्हा माझ्या मागच्या कॅमेऱ्यासमोरून पप्पा गेले. मागचं बघायला मला एवढा एकच डोळा आहे. त्या डोळ्याने मी पाहिलं ते असं: पप्पांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, काखेत बासमती तांदळाची रिकामी गोणी दाबली आणि ते वाळूच्या उंचवट्याआड गेले. तासाभराने परतले ते गोणी पाठीवर घेऊन, वाकून. मग माझ्या मागच्या पेटीचं झाकण हळूच उघडल्याचा आणि हळूच लागल्याचा आवाज आला. नंतर ते हात धुऊन, केस विंचरून खुर्चीवर बसले, आणि इसाबेलने चहा दिला तेव्हा म्हणाले, आत्ताच उठलो.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! तीच पहाट, तीच गोणी. मी ठरवून टाकलं की हा माणूस मला आतून पोखरतोय. पुढच्या आठवड्यात हत्ताला गेलो तर तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी माझ्या वस्तू मनात मोजायची: शेगडी आहे, नळ आहेत, बॅटरी आहे. सगळं जागच्या जागी होतं. उलट मी जड होत चालले होते. चोर न्यायला येतो, हा तर ठेवून जात होता. यामुळे माझा संशय कमी व्हायला हवा होता, पण तो वाढलाच. जो गुपचूप ठेवतो, त्याच्या मनात काय आहे कुणी सांगावं?

मग वास सुरू झाला. इसाबेलला वाटलं, संडासाची टाकी गळतेय. तिने विल्फ्रेडला दोन वेळा माझ्याखाली झोपवून तपासायला लावलं. विल्फ्रेडला ऑड्रीच्या बुटांचा संशय होता. ऑड्री नाक धरून म्हणायची, "इट्स नॉट मी." पप्पा खिडकीबाहेर बघत बसायचे. मी तर त्यांच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलवला नसता, पण तो माझ्या बुडाला बसवलेला.

डिसेंबरपासून मी डोलायला लागले. रस्त्यावर वेग वाढला की माझं शेपूट आपोआप डावी-उजवीकडे झोके घेई. आधी थोडं, मग जास्त. गंमत अशी की एकमेकांवर संशय घ्यायला आता सगळ्यांनाच कारण मिळालं. विल्फ्रेडला वाटलं, हनीफने चाकं नीट बसवली नाहीत. हनीफला वाटलं, साहेब वेगात चालवतात. इसाबेलला हनीफचंच म्हणणं पटत होतं, फक्त ती ते बोलत नव्हती. मला वाटलं, मीच म्हातारी झाले. स्वतःवरचा संशय हा सगळ्यांत वाईट, मित्रांनो. तो कुणाला सांगताही येत नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही हत्ताहून परतत होतो. मोठ्या रस्त्यावर बाजूने एक लांबलचक ट्रक सूंऽ करत पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने माझं शेपूट उजवीकडे फेकलं गेलं, मग डावीकडे, मग आणखी जोरात उजवीकडे. माझ्याबरोबर पुढची पिकअपही डोलू लागली. माझ्या आतली कपाटं उघडली, स्टीलचे डबे जमिनीवर आपटले, दारावरचा क्रूस निखळून पडला. विल्फ्रेडने ब्रेक दाबला नाही, हे आमचं नशीब. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. हळूहळू, फार हळूहळू मी सरळ झाले. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. ऑड्रीने आजोबांचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. आणि पप्पांचं तोंड तिच्या बोटांहून पांढरं झालं होतं.

खाली उतरून विल्फ्रेड म्हणाला, "खलास. ही विकायची. माझी माणसं मी हिच्यात परत बसवणार नाही."

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण मला रडू आलं, खरंच आलं. कॅरव्हॅनला रडता येत नाही, म्हणून यार्डात पोचल्यावर माझा एक नळ थोडा वेळ टपटपत राहिला.

पुढच्या शुक्रवारी गिऱ्हाईक आलं. सुजीत नावाचा माणूस, शारजात रोल्ला भागात त्याची करक, म्हणजे कडक दुधाच्या चहाची टपरी होती आणि त्याला चाकांवरची दुसरी टपरी काढायची होती. त्याने टेपने माझी लांबी मोजली, मागचं बाहेर उघडणारं स्वयंपाकघर बघितलं आणि खूश झाला. मग खिशातून खडू काढून त्याने माझ्या कुशीवर, बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली.

"पूरा छत्तीस फीट मेरेको क्या करना है?" तो म्हणाला. "किचनवाला हिस्सा रखेगा. आगे का काट डालेगा."

त्याने किंमत सांगितली. इसाबेलने ती मोठ्यानेच रुपयांत करून पाहिली. आकडा मोठा झाला, पण तिचं तोंड उतरलेलंच राहिलं. ती त्या खडूच्या रेघेकडे बघत होती. ऑड्री पिकअपमधून खाली उतरायलाच तयार नव्हती. पप्पा यार्डातल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, बोला, काय ते बोला. माझ्या पोटात काय आहे ते या यार्डात फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि तोंडही तुम्हालाच आहे.

माझी चाकं सुजीतला खालून दाखवायची म्हणून हनीफ माझ्या नाकाशी, पिकअप जोडतात त्या टोकाशी, बसला आणि मला वर उचलायचा जॅक फिरवू लागला. एरवी त्याला दोन्ही हात लावून, दात-ओठ खाऊन तो फिरवावा लागे. त्या दिवशी दोन बोटांनी फिरला. हनीफ थांबला. त्याने पुन्हा फिरवून पाहिला. मग उठून तो माझ्या मागच्या टोकाला गेला, वाकला आणि माझं बूड जमिनीला किती टेकलंय ते बघून आला.

"विल्फ्रेडभाई, नाक बिलकुल हल्का है," तो म्हणाला. "पीछे क्या भरा है?"

विल्फ्रेड म्हणाला की काहीच नाही, पलंगाखाली दोन चटया असतील.

तेव्हा पप्पा उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला अजून आठवतो. ते चालत आले, मागच्या पेटीचं झाकण त्यांनी उघडलं आणि बाजूला उभे राहिले. "माझं आहे," ते म्हणाले.

आत अकरा गोण्या होत्या. बासमतीच्या, तोंडं सुतळीने शिवलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. हनीफने एकीचं तोंड सोडलं. तिच्यात उंटांच्या वाळलेल्या लेंड्या होत्या. दुसरीत डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रातला बारीक गाळ. पावसाने आणून सोडलेली, चाळून घेतल्यासारखी मऊ माती. मित्रांनो, इतके दिवस मी ज्याला चोर समजत होते, तो माणूस पहाटे उठून उंटांच्या वाड्यावर जाऊन खत गोळा करत होता. वाड्यावरचे लोक ते फुकटच देत होते. फेकूनच द्यायचं होतं त्यांना. आणि वसईच्या वाडीवाल्याला लेंडीखत फुकट जाताना बघवेना.

विल्फ्रेडने गोण्या मोजल्या. एक गोणी चाळीस किलोची धरली तरी शेपटात चारशे चाळीस किलो, आणि शेपूट जड झालं की गाडी डोलते, हा हिशेब त्याला तोंडपाठ होता. आठवडाभर जहाजावरचा एकेक कंटेनर तोलून ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीच्या मागच्या पेटीत कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"पप्पा, एक शब्द सांगायचा होता," तो म्हणाला.

"सांगितलं होतं," पप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू म्हणालास, आराम करा. म्हटलं, आज ना उद्या पोरगा हो म्हणेल. तेव्हा माती तयार हवी. खताला मुरायला वेळ लागतो." मग त्यांनी ऑड्री बसली होती त्या पिकअपकडे पाहिलं. "गाडी माझ्यामुळे डोलते हे मला कळलं नाही रे. त्या दिवशी रस्त्यावर शंका आली. पण मग सांगायची भीती वाटली. परत पाठवशील म्हणून."

मग विल्फ्रेडने बाह्या सरसावल्या, पेटीतली सगळ्यांत वरची गोणी ओढून पाठीवर घेतली आणि छत्तीस फूट चालत जाऊन माझ्या नाकाजवळच्या पेटीत ठेवली. हनीफने दुसरी उचलली. ऑड्री पिकअपमधून उतरली आणि नाक धरून का होईना, तिने एका गोणीचा कान पकडला. हनीफने जॅक पुन्हा फिरवला. आता दोन्ही हात लागले. सुजीतने हे सगळं पाहिलं, टेप गुंडाळून खिशात घातली, यल्ला, म्हणजे चला, म्हणाला आणि निघून गेला. जाताना मात्र त्याने इसाबेलला विचारून घेतलं की अशी छोटी गाडी कुणी विकत असेल तर कळवाल का.

त्या रविवारी विल्फ्रेडने मला आधी एकट्याने रिकाम्या रस्त्यावर ओढून पाहिलं. मी रेघेसारखी सरळ चालले. इतकी सरळ तर मी नवी असतानाही चालले नव्हते, कारण माझं स्वयंपाकघर पहिल्यापासून मागे आणि जड आहे, आणि ते तोलायला पुढे काही हवं हे कारखान्यातल्या त्या हुशार कारागिरांनाही सुचलं नव्हतं. पप्पांच्या दोन गोण्या पुढेच राहिल्या. बाकीच्या नऊ हनीफच्या यार्डात, माझ्या उभं राहण्याच्या जागेमागे, भिंतीच्या सावलीत पसरल्या. पप्पांनी रुमालाच्या गाठीतून बिया काढल्या. मार्चमध्ये दुधीचा वेल भिंतीवर चढला आणि त्याचं एक टोक माझ्या खिडकीत आलं. मला ते आवडलं, तरी वेल कुठवर येतो यावर मी लक्ष ठेवून होते.

एप्रिलमध्ये पप्पा वसईला परत गेले. जाण्याच्या दिवशी ते यार्डात आले, वेलाला पाणी घातलं आणि मग माझ्या कुशीवरच्या खडूच्या रेघेवर ओला हात फिरवला. ती पूर्ण गेली नाही. अजून आहे, पुसट. मी ती जपते.

आता पुन्हा ऑक्टोबर आला आहे. दर शुक्रवारी निघायच्या आधी वसईहून फोन येतो. पप्पा दुसरं काही विचारत नाहीत, फक्त एवढंच: "पुढं ठेवलं का?" विल्फ्रेड हो म्हणतो, आणि मगच पिकअप सुरू होते. मला मात्र संशयाची सवय गेलेली नाही. फोनला पाच मिनिटं उशीर झाला की माझ्या मनात नाही नाही ते येतं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातली एखादी वस्तू डोलायला लागली, तर तिला विकायच्या आधी तिच्या मागे वाकून बघा. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस गप्प बसून आराम करतंय असं दिसलं, तर त्याला काय लावायचं होतं ते एकदा विचारा. संशय घेण्यापेक्षा विचारणं सोपं असतं. ते मला जमत नाही, तुम्हाला जमतं.

गेल्या शुक्रवारी फोन आला तेव्हा विल्फ्रेड पिकअपखाली शिरून चाक तपासत होता आणि इसाबेल मागे खुणा करायला थांबली होती. फोन ऑड्रीने घेतला. या मुलीने आजवर आजोबांना एकही उत्तर इंग्रजीशिवाय दिलं नव्हतं. पलीकडून तोच प्रश्न आला. ती माझ्या नाकापर्यंत चालत गेली, पेटीचं झाकण उघडून दोन्ही गोण्यांवर हात ठेवून तिने खात्री केली, आणि मग म्हणाली, "हो आजोबा. पुढं ठेवलं."